नाण्यातला एरर खरा टाकसाळीतला की नंतरचा मार? कसं ओळखायचं ते सविस्तर

एरर म्हणजे नाणं तयार होताना टाकसाळीतच झालेली चूक. आधीच सांगतो, डाय (छाप कोरलेला ठसा), कॉलर आणि चकती या तीन गोष्टी ज्याला कळल्या त्याला एरर कळला, बाकी सगळं त्यातनंच निघतं. मी सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे, दिवसभर पत्र्यातनं तुकडे पाडायचे आणि डायखाली ठोकायचे हेच काम, त्यामुळं नाणं हातात आलं की मी त्याच्याकडं दुर्मिळ वस्तू म्हणून बघत नाही, प्रेसमधनं निघालेला जॉब म्हणून बघतो आणि एकच प्रश्न विचारतो, हे प्रेस करू शकतं का? करू शकत असेल तर पुढं बघू, नसेल तर कुणीतरी पाना, हातोडी, फाईल नाहीतर तेजाब म्हणजे ॲसिड वापरलंय, विषय संपला.

हे लिहायचं कारण म्हणजे हल्ली मोबाईलवर व्हिडिओ बघून लोक गल्ल्यातली नाणी काढून घेऊन येतात, दादा हे बघा किती लाखाचं आहे म्हणतात, आणि त्यातली बहुतेक मार खाल्लेली नाहीतर चांगली नॉर्मल नाणीच असतात.

नाणं कसं तयार होतं

धातूच्या पत्र्यातनं गोल चकत्या पाडतात. मग त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन साफ करतात, आणि एका मशीनमधनं फिरवून त्यांची कड दाबून थोडी वर उचलतात. या कड उचललेल्या चकतीवर मग छाप बसतो, खाली एक डाय, वर एक डाय, आणि भोवती रिंगसारखी कॉलर, जी धातू बाहेर पसरू देत नाही आणि कडेवरच्या रेघाही तीच उठवते. हे मिनिटाला शेकडो नाण्यांच्या वेगानं चालतं, त्यामुळं कधी चकती नीट बसत नाही, कधी आधीचं नाणं डायला चिकटून राहतं, कधी डायला ग्रीस लागतं, कधी डायच तडकतो.

म्हणजे चूक तीनच ठिकाणी होऊ शकते. चकतीत, डायमध्ये, नाहीतर ठोकताना. हातातला दोष यातल्या कुठल्या ठिकाणचा ते तुम्हाला सांगता येत नसेल तर बहुतेक तो नंतरचाच आहे.

आपल्याकडं टाकसाळी चार, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. सालाच्या खाली मुंबईची खूण साधारणपणे चौकट म्हणजे डायमंड, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते. त्यामुळं "खूण नाही म्हणजे एरर" असं कुणी म्हणालं तर सोडून द्या, ते कोलकात्याचं नाणं आहे.

सामान काय लागतं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला व्हर्नियर, एक चुंबक, आणि बाजूनं पडणारा उजेड. शेवटचं लोक विसरतात. डोक्यावरच्या ट्यूबलाईटखाली सगळं सपाट दिसतं, टेबल लॅम्प नाहीतर मोबाईलची बॅटरी नाण्याच्या लेव्हलला आडवी धरा आणि नाणं हळूहळू फिरवा, खोल काय आणि उठलेलं काय ते लगेच कळतं. व्हर्नियर तांब्याच्या नाही तर चांदीच्या नाण्याला लावताना मधी कागद धरा, जबड्याचा ओरखडा कायमचा बसतो. घरी काटा नसेल तर सराफ कट्ट्यावर ओळखीचा कोणी असेल तर तो वजन करून देतो, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका.

पहिलं काम, वजन आणि मापं

डोळ्याआधी काटा. १९९२ पासनं आलेलं स्टीलचं रुपयाचं नाणं ४.८५ ग्रॅम आणि २५ मिमी. २०११ च्या सिरीजमध्ये रुपया लहान झाला, ३.७९ ग्रॅम आणि २२ मिमी, आणि दोन रुपये ४.८५ ग्रॅम, २५ मिमी झाले. नीट बघा, जुन्या रुपयाचं वजन आणि माप म्हणजेच २०११ च्या दोनचं, आणि जुन्या स्टीलच्या ५० पैशाचं म्हणजेच २०११ च्या रुपयाचं (२०१९ पासनंच्या सिरीजची मापं वेगळी आहेत). याचा उपयोग असा की २०११ च्या सिरीजचं दोनचं नाणं ३.७९ भरलं, अंगानं लहान आहे आणि कडेची अक्षरं बाहेर निघून गेलीत, तर ते रुपयाच्या चकतीवर छापलेलं असू शकतं आणि मग ते बघण्यासारखं आहे. पण तेच नाणं ४.१ भरलं आणि सगळी अक्षरं आहेत पण पुसट आहेत, तर ते तेजाबात बुडवलेलं आहे. तेजाब सगळीकडनं सारखं खातं, म्हणून नाणं पातळ होतं, अक्षरं बारीक होतात पण जागा सोडत नाहीत. ४.८५ च्या जागी ४.८० किंवा ४.९० आलं तर त्यात काहीच नाही, तेवढा फरक चालतोच.

पाच रुपयाचं जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, कप्रोनिकेलचं म्हणजे तांबं-निकेल मिश्रणाचं, चुंबकाला चिकटत नाही. २००७ आणि २००८ ला पाचचं नाणं स्टीलमध्ये आलं, ६ ग्रॅमचं, ते चिकटतं. हे बघून लोक "चुकीच्या धातूचं" म्हणून नाचतात, पण ते सरकारनंच तसं काढलेलं आहे. तसंच दहाचं. रिझर्व्ह बँकेनं २०१८ ला सांगितलं होतं की दहाच्या नाण्याची १४ डिझाईन्स चालू आहेत आणि सगळी खरी, त्यामुळं तुमच्याकडची दोन दहाची नाणी वेगळी दिसतात म्हणून त्यातलं एक एरर होत नाही. आणि सोनेरी रुपया मिळाला तर आधी वजन, मग कडेवर आणि अक्षरांच्या टोकावर भिंग. मुलामा तिथंच पहिल्यांदा उडतो आणि खालचं पांढरं स्टील दिसतं.

दुसरं, दोन्ही बाजू एकमेकींशी बोलतात का

माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी हीच. प्रेसमध्ये दोन्ही डाय एकाच वेळी दाबतात, त्यामुळं एका बाजूला जे घडलं त्याचा पुरावा दुसऱ्या बाजूला त्याच जागी पाहिजे. ऑफ-सेंटर म्हणजे छाप मधोमध न बसता सरकलेल्या नाण्यात एका बाजूला चंद्रकोरीएवढी जागा कोरी असेल तर मागं बरोबर त्याच जागी कोरीच पाहिजे. दुसऱ्यांदा तिरपा ठोका बसला असेल तर मागच्या बाजूचं डिझाईन पण तिथं दबलेलं नाहीतर दुसऱ्या छापाखाली गेलेलं पाहिजे. एकाच बाजूला खड्डा आणि मागं सगळं ठणठणीत, तर तो हातोडीचा, दगडाचा, नाहीतर पान्याचा मार.

याला अपवाद आहेत, एकाच डायचे दोष (चीर, ग्रीस वगैरे) आणि लाखी, त्यांच्याकडं येतोच.

तिसरं, उठलेलं की खोल

डाय तडकला की त्या चिरेत धातू घुसतो, म्हणून नाण्यावर उठलेली रेघ येते. डायचा कडेचा तुकडाच उडाला तर नाण्यावर त्या जागी नुसता उठलेला गोळा येतो, अक्षर नाही काही नाही. उलट नाण्यावर ओरखडा पडला तर रेघ खोल असते आणि तिच्या दोन्ही अंगाला सरकलेल्या धातूचा बारीक बांध असतो, नख फिरवलं तरी कळतं. म्हणजे साधा हिशोब, जादा धातू उठून आलेला असेल तर डायकडं बघा, धातू खरवडून गेलेला असेल तर नंतरच्या माराकडं.

स्टील कडक असतं, डायवर ताण जास्त, त्यामुळं स्टीलच्या रुपयांवर अशा चिरा बऱ्याच दिसतात. खऱ्या असल्या तरी त्यांना फार भाव नाही, हे आधीच लक्षात घ्या. मोठा गोळा कडेला आलेला असेल तर गोष्ट वेगळी.

आता एकेक प्रकार

कट असलेलं नाणं. आई पुरीच्या लाटलेल्या पोळीतनं वाटीनं पुऱ्या काढताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की एक पुरी चावा घेतल्यासारखी निघते, तसंच पत्र्यातनं चकती पाडताना होतं. चकतीच आधी तुटकी असल्यामुळं पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर त्याचा परिणाम उरतो. कड उचलणाऱ्या मशीनमध्ये कटाच्या जागी दाब बसत नाही म्हणून त्याच्या अगदी समोरच्या बाजूला पण कड कमकुवत राहते, हे बहुतेक खऱ्या नाण्यांत दिसतं. शिवाय छापताना कटाकडं धातूला आडवं कुणी नसतं, म्हणून तिथली अक्षरं कटाच्या दिशेनं ओढल्यासारखी, निमुळती होतात. फाईलनं नाहीतर ग्राइंडरनं केलेल्या कटात अक्षर पूर्ण उंचीवर धारदार तुटलेलं असतं, समोरची कड एकदम भक्कम असते, आणि कापलेल्या जागेवर भिंगातनं समांतर रेघा दिसतात. मी ग्राइंडिंगच्या रेघा रोज बघतो, त्या लपत नाहीत, पॉलिश मारली तर ती जागा बाकीच्या कडेपेक्षा जास्त चकाकते.

ऑफ-सेंटर. चकती कॉलरमध्ये बसली नाही म्हणून धातू बाहेर पसरतो, नाणं एकदम गोल राहत नाही आणि कडेवर कॉलरच्या रेघा नसतात किंवा अर्ध्याच असतात. छापाचा जो भाग आलाय तो ताजा आणि ठसठशीत असतो. साल आणि टाकसाळीची खूण दिसत असेल तर संग्राहकांना ते जास्त आवडतं. कॉलरशिवाय पण मधोमध छाप बसला तर नाणं नेहमीपेक्षा रुंद आणि पातळसर होतं, त्याची नक्कल हातोडीनं चपटं करून करतात, पण हातोडीनं डिझाईन पण चपटं होतं आणि रेल्वेच्या रुळावर ठेवलेल्या नाण्यात तर ते एका दिशेला ओढलं जातं. खऱ्यात डिझाईन आपल्या मापाचं राहतं, फक्त भोवतीची जागा वाढते.

लाखी. एका बाजूला नेहमीचा छाप आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा आणि खोल, आरशात दिसल्यासारखा. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि त्यानंच पुढच्या चकतीवर ठसा उठवला की हे होतं. जुन्या ब्रिटिश तांब्याच्या नाण्यांपासनं हे मिळतं आणि लोक याच्या मागं वेडे असतात, म्हणून नकलाही याच्याच जास्त. नक्कल कशी करतात, दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंजात नाहीतर प्रेसमध्ये दाबतात. पण मग खालच्या नाण्याचं स्वतःचं डिझाईन कुठं जाणार? ते दबून तिथंच राहतं, आणि खोल उलट्या अक्षरांच्या मधी मूळ अक्षरांचे चपटे अवशेष दिसतात. खऱ्या लाखीत त्या बाजूला मूळ छाप कधी बसलेलाच नसतो, त्यामुळं खोल डिझाईनच्या मधली जागा गुळगुळीत असते. आणखी एक, दाबून केलेल्यात मागची बाजू पण थोडी चपटी होते, कारण दाब कुठंतरी टेकायला लागतोच.

ग्रीस. डायच्या अक्षरात ग्रीस नि धूळ भरली की ते अक्षर उठत नाही, भारत चा र गायब, नाहीतर सालातला एक आकडा पुसट. इथं एकाच बाजूला दोष असणं नॉर्मल आहे. झिजेपासनं वेगळं करायचं तर असं बघा, झीज सगळ्यात आधी उंच भागावर बसते, सिंहांची तोंडं आणि अंकाची माथी पहिली जातात, आणि ती सगळीकडं असते. ग्रीसमध्ये शेजारचं अक्षर कडक आणि हे एकटंच गायब. आणि कुणी मुद्दाम घासून उडवलं असेल तर आडव्या उजेडात त्या जागी छोटी खोलगट जागा आणि घासल्याच्या रेघा दिसतात. बाजारात ही नाणी ढिगानं आहेत, अख्खं साल गायब असल्याशिवाय मी विकत घेत नाही.

डबलिंग, म्हणजे अक्षर दुहेरी दिसणं. यात सगळ्यात जास्त गोंधळ. अक्षराच्या शेजारी पायरीसारखा सपाट, खालच्या लेव्हलचा थर असेल आणि मूळ अक्षर त्यामुळं बारीक झालेलं वाटत असेल तर ठोकताना डाय सैल होऊन घसरला, हे प्रेसमध्येच झालं तरी संग्राहक याला किंमत देत नाहीत. डाय तयार करतानाच दोनदा ठसा बसलेला असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, पूर्ण उंचीची असतात आणि टोकांना बारीक खाच दिसते.

डाय फिरलेला. चालू भारतीय नाणी अशी असतात की एक बाजू सरळ धरून नाणं डावीकडनं उजवीकडं पलटलं तर मागची बाजू पण सरळच येते. वाकडी किंवा उलटी आली तर डाय फिरलेला. हा एरर नंतर कुणाला सहजासहजी करता येत नाही, म्हणून नवशिक्यांनी इथनं सुरुवात करावी असं माझं मत. थोडं पाच-दहा अंश फिरलेलं सोडून द्या, ते फार कॉमन आहे.

दहा आणि वीस रुपये. दोन धातूंच्या नाण्यात गाभा आणि कडं वेगळं असतं पण छाप दोघांवर एकदमच बसतो. म्हणून गाभा सरकलेला असला तरी डिझाईन दोघांवर मिळून एकसंध पाहिजे. जिथं एखादी रेघ किंवा अक्षर गाभ्यावरनं कड्यावर जातं तिथं ती तुटायला नको. गाभा उलटा बसवलेला, किंवा फक्त गाभाच फिरलेला आणि कडं सरळ, तर कुणीतरी ठोकून गाभा काढून परत बसवलाय. सांध्यावर हातोडीच्या किंवा पंचाच्या खुणा शोधा, असतातच.

दोन्ही बाजूला एकच छाप. आमच्या इथला कुठलाही चांगला टर्नर लेथवर एक नाणं आतनं पोखरून आणि दुसरं पातळ करून त्यात बसवून देईल. कडेच्या आतल्या बाजूला भिंगानं बारीक सांधा शोधा, वजन करा, आणि फरशीवर दुसऱ्या चांगल्या नाण्याबरोबर टाकून आवाज ऐका. जोडलेलं नाणं बद्द वाजतं.

कोरी चकती. इथं मी स्पष्टच बोलतो, कड न उचललेली साधी कोरी स्टीलची चकती पैसे देऊन घेऊ नका. आमच्या स्क्रॅपमध्ये असल्या चकत्या पोत्यानं निघतात, २५ मिमीचं भोक पाडलं की निघणारा तुकडा आणि टाकसाळीची चकती यात कडेवरचं कातर आणि बर म्हणजे पंचिंगनं उरलेली धारदार किनार सारखेच दिसतात. कड उचललेली असेल आणि वजन, माप, चुंबक सगळं जुळत असेल तरच विचार करा.

नंतरचा मार, सांगलीत दिसणारा

कृष्णेत लोक नाणी टाकतात, आयर्विन पुलावरनं नाहीतर घाटावरनं, आणि पोरं दोरीला चुंबक बांधून ती काढतात. चुंबकाला स्टीलचीच लागतात, ती तपकिरी डागांची, बारीक खड्ड्यांची असतात, एका बाजूला जास्त खाल्लेली कारण ती बाजू गाळात रुतलेली असते. २०१९ च्या पुरानंतर घरोघरच्या डब्यांतनं असली काळी-लाल नाणी निघाली, रंग बदलला म्हणून ती चुकीच्या धातूची होत नाहीत. जुन्या चांदीच्या रुपयांना माळेसाठी कडी लावलेली असते, कडी काढली तरी कडेवर डागाचा म्हणजे जोड दिल्याचा धातू आणि घासल्याची जागा राहते. भोक पाडून ताईत केलेली, वॉशिंग मशीनमध्ये फिरून कड आत वळलेली, गाडीखाली आलेली, हे सगळं नंतरचं. एक गोष्ट मात्र वेगळी, जुन्या रुपयांवर सराफांनी चांदी तपासायला मारलेल्या छोट्या खुणा असतात, तोही मारच म्हणायचा, पण काही लोक इतिहास म्हणून त्या आवडीनं जमवतात.

शिवराईला हे नियम लावू नका

सातारा-कऱ्हाड भागात जुन्या घरात शिवराई निघते, एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडं छत्रपति. ही हातानं ठोकलेली, कॉलर नाही, चकती ओबडधोबड, त्यामुळं छाप एका अंगाला जाणं, अर्धी अक्षरं बाहेर राहणं, दोनदा ठोका बसणं हे तिचं नेहमीचं रूप आहे. ऑफ-सेंटर शिवराई म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. तिथं प्रश्न वेगळा, ठोकलेली की ओतलेली? ओतीव नकलेत कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं आणि साबणासारखी मऊ अक्षरं दिसतात. ठोकलेल्या नाण्यात अक्षराच्या कडा ठळक आणि चकतीच्या काठाला तडे असतात.

विकायला जाताना

फोनवर कुणी तुमच्या नाण्याला लाखो देतो म्हणून आधी रजिस्ट्रेशन फी नाहीतर टॅक्स मागितला तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलंय की ती असल्या व्यवहारात नाही आणि तिच्या नावानं फी घ्यायला कुणाला नेमलेलं नाही. वैष्णोदेवीचं नाणं तर एररही नाही, स्मरणार्थ काढलेलं साधं नाणं आहे. आणि स्वतः नाणी कापून, वितळवून एरर बनवायचा नाद करू नका, कॉइनेज ॲक्ट २०११ खाली नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे.

खात्री होत नसेल तर चार फोटो काढा, दोन बाजूंचे सरळ आणि दोन कडेचे आडव्या उजेडात, सोबत वजन आणि व्यास लिहा, आणि तेच साल, तीच टाकसाळ असलेलं नॉर्मल नाणं शेजारी ठेवून एक जादा फोटो. जाणकार माणूस एवढ्यावर बहुतेक वेळा सांगू शकतो. दाखवायच्या आधी चिंच, लिंबू, टूथपेस्ट काही लावायचं नाही, आणि साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात महिनोन्महिने ठेवायचं नाही, तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. कागदी होल्डर बरा, स्टेपल मारताना पिन नाण्याला टेकणार नाही एवढं बघा.